शेवटचा माणूस उठेपर्यंत

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सेरावाच्या सरकारी फौजेने ओरे नदीच्या दक्षिण काठावरून तोफ डागली. गोळा सुटला नाही. तोफ बिघडली असेल म्हणून शेजारची चालवून पाहिली, तर तीही गप्प. त्याच सुमारास उत्तर काठावरच्या तुमाली मुक्तिसेनेने आपले ड्रोन सोडले. ते उडाले, नदीच्या मध्यापर्यंत आले आणि पाळीव कबुतरांसारखे माघारी फिरून आपापल्या पेटीत जाऊन बसले.

पहिला अर्धा तास दोन्ही बाजूंनी आपापल्या शस्त्रागारप्रमुखाला शिव्या देण्यात घालवला. त्यानंतर दोघांनी एकाच बाईला फोन लावला. सरकारी फौजेच्या ब्रिगेडियर ओल्मारचा आधी लागला.

"बाई, तुमचं जेवण संपलं नाही का अजून?"

हेमांगी रेठरेकर तेव्हा नदीच्या मधोमध, वाळूच्या बेटावर, भाताची पातेली पालथी घालून घेत होती. 'अन्नसेतू' या मदतसंस्थेची ती इथली प्रमुख. मूळची कराडची. सेरावात चार वर्षं काढल्यावर तिथली भाषा तिला भांडण्यापुरती येऊ लागली होती, आणि तिच्या कामाला तेवढी पुरायची.

"केव्हाच संपलं," ती म्हणाली आणि सहज मागे वळली. पंगतीच्या रिकाम्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या. सर्वात लांबच्या टोकाला एक म्हातारा मांडी घालून बसला होता आणि भाताचा एक-एक घास मण्यासारखा उचलून तोंडात टाकत होता.

"म्हणजे जवळजवळ," हेमांगी म्हणाली.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. तुमाली प्रांताला वेगळा देश हवा होता, सेरावा सरकारला तो द्यायचा नव्हता, आणि या मुद्द्यावर अकरा वर्षं युद्ध चाललं होतं. जगाने पहिल्या वर्षापासून मदत पाठवली. पोत्यांनी धान्य यायचं. नाक्यावरचा सैनिक पोत्यातला वाटा काढून घ्यायचा आणि त्या वाट्यावर नाका चालायचा. धान्य वाटायला म्हणून तीन तासांचा युद्धविराम व्हायचा, त्या तीन तासांत दोन्ही फौजा तोफा हलवून घ्यायच्या. एका वर्षी धान्य उशिरा आलं, तर दोन्ही बाजूंनी संस्थेकडे तक्रार केली की तुमच्या ढिसाळपणामुळे आमची मोहीम लांबली. मदतीने युद्ध थांबत नव्हतं. मदतीने त्याला दुपारची विश्रांती मिळत होती.

तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. पहिली, धान्याऐवजी शिजवलेलं अन्न द्यायचं. पोतं छावणीत नेता येतं. आमटी-भात फार तर पोटात नेता येतो. स्वयंपाकघर दुसऱ्याच्या काठावर असू द्यायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात नदीच्या मध्यावर उघडं पडणारं बेट ठरलं.

दुसरी गोष्ट होती 'विराम'. हल्लीच्या प्रत्येक तोफेत, ड्रोनमध्ये आणि चांगल्यापैकी बंदुकीत एक चिप असते. तिला दर मिनिटाला उपग्रहाकडून एक सांकेतिक किल्ली येते. किल्ली आली तर शस्त्र चालतं, नाही आली तर तोफ नुसतं लोखंड होते आणि ड्रोन अर्ध्या वाटेवरून घरी परततो. चिप उपटायला गेलं की आतलं सर्किट जळतं. दोन्ही बाजूंची शस्त्रं एकाच कारखान्यातली होती, त्यामुळे सोय झाली. खोऱ्यातल्या सगळ्या शस्त्रांच्या किल्ल्या 'विराम' या यंत्राच्या ताब्यात दिल्या. बेटावर चार खांब, खांबांवर उष्णता टिपणारे कॅमेरे आणि माइक. जेवण चालू असेल तर लाल दिवा, किल्ल्या बंद. जेवण संपलं की हिरवा दिवा, किल्ल्या सुरू. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता, पण यंत्रावर बसला, कारण यंत्राला मेहुणा नव्हता.

राहिला प्रश्न एकच. जेवण संपलं हे यंत्राला कळायचं कसं? असं यंत्र नियम वाचून शिकत नाही. हजारो उदाहरणं पाहून शिकतं. अभियंत्यांकडे मदतछावण्यांच्या चित्रफिती होत्या. त्यांत माणसं रांगेत उभी राहतात आणि डबा घेऊन निघून जातात. बसून जेवणारी माणसं कुणाकडे असतील तर पाठवा, असा संदेश सगळ्या केंद्रांना गेला.

हेमांगीचे मामा, भालचंद्र मामा, यांनी तीस वर्षं कराड आणि पाटण तालुक्यांत लग्नाकार्यांचा स्वयंपाक केला होता. जाहिरातीला उपयोगी पडेल म्हणून प्रत्येक पंगतीचं चित्रण ठेवलं होतं. हेमांगीने ते सगळं पाठवून दिलं. थंड देशातल्या त्या अभियंत्यांना काय दिसतंय ते कळलं नाही. यंत्राला मात्र नीट कळलं.

शेवटचा माणूस उठेपर्यंत पंगत संपत नाही, हे ते शिकलं होतं. म्हाताऱ्याकडे चालत जाताना हे तिच्या लक्षात आलं, आणि वाळूत तिचा पाय अडखळला.

म्हाताऱ्याचं नाव तारो. युद्धापूर्वी तो या नदीवर फेरीबोट चालवायचा.

"कप्तानबाबा, जेवण झालं का?"

"चाललंय."

"सगळे उठून गेले."

"जाऊ देत. बोटीवरून कप्तान शेवटी उतरतो." त्याने घास चावला, सावकाश गिळला. "मुली, दोन वाजता तोफ व्हायची. झाली नाही. का?"

हेमांगीने खोटं बोलायला हवं होतं, असं संस्थेच्या संचालकांनी नंतर तिला ऐकवलं. पण चार वर्षांत तिने या माणसाला एकदाही प्रश्न विचारताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही बसलाय म्हणून," ती म्हणाली.

तारोने ताटाकडे पाहिलं. मग उत्तर काठाकडे, मग दक्षिण काठाकडे. अकरा वर्षांनी कुणीतरी त्याच्या हातात परत सुकाणू दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"भात वाढ," तो म्हणाला.

*

संध्याकाळच्या आत कमांडर जेसा उत्तर काठावरून आणि ब्रिगेडियर ओल्मार दक्षिण काठावरून छोट्या होड्यांनी बेटावर आले. जेसा पन्नाशीची, पूर्वीची पशुवैद्य. बोलताना ती समोरच्याच्या दातांकडे पाहायची. ओल्मार उंच, इस्त्रीचा, आणि तिच्याकडे अजिबात न पाहण्याचं त्याला सरकारी प्रशिक्षण होतं. त्याच्या सरकारच्या मते जेसा कमांडर नव्हती, तिची सेना सेना नव्हती आणि ती ज्या प्रांताची होती तो प्रांत फक्त एक जिल्हा होता.

"त्याला उचला," ओल्मार म्हणाला.

"उचलून उपयोग नाही, साहेब," हेमांगी म्हणाली. "यंत्राने एक लग्न पाहिलंय. त्यात व्याही रुसले. त्यांच्या भावाने त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. मग अख्खी पंगत हात वाळवत बसली. दीड तासाने त्यांची समजूत काढून त्यांना परत पानावर आणलं, जिलबी वाढली, तेव्हा जेवण पुढे सुरू झालं. जबरदस्तीने उठवलं तर यंत्र ते उठणं धरत नाही. माणूस परत यायची वाट बघतं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

"व्याही म्हणजे काय?" जेसाने विचारलं.

"ज्याच्याशी भांडण झालं तरी संबंध तोडता येत नाही असा माणूस."

जेसाने प्रथमच ओल्मारच्या दातांकडे पाहिलं.

"मग यंत्राची व्याख्या बदला," ओल्मार म्हणाला.

"बदलता येते. दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी एकाच वेळी सही करायची."

"मी तयार आहे," जेसा लगेच म्हणाली. "तुमाली प्रजासत्ताकाच्या वतीने सही करते."

ओल्मारचा चेहरा बोर्डावरच्या खडूसारखा झाला. तिची सही शेजारी घेतली की प्रजासत्ताक मान्य केलं. म्हणजे तिच्याशी युद्ध सुरू करायचं तर ज्यासाठी युद्ध चाललं होतं ते आधी देऊन टाकावं लागणार. त्याने राजधानीला फोन केला. तिथून उत्तर आलं की कायदा खात्याचं मत मागवलं आहे.

"तोवर म्हाताऱ्याला समजवा," पलीकडून आवाज आला. "एक माणूस आहे. किती खाईल?"

*

हेमांगीने कराडला फोन लावला. मामा ओसरीवर बसून होते. मागे टीव्हीचा आवाज.

"मामा, पंगत उठवायची कशी?"

"का गं? काय झालं?"

तिने सांगितलं. मामांनी टीव्ही बंद केला. यावरून त्यांना प्रकरण कळल्याचं तिला कळलं.

"आगं, उठवायची न्हाई. पंगत आपणहून उठती. वाढप्यानं वाढायचं थांबवलं, हातात रिकामं भांडं घिऊन दोन येरझाऱ्या मारल्या, की शाण्या माणसाला कळतं. मग पाणी द्यायचं, विडा द्यायचा. झालं."

"आणि शहाणा नसला तर?"

"मग तेला वाढायचं."

"वाढत राहायचं?"

"हेमे, भरल्या पानावरनं माणूस उठवायचा नसतो. तीस वर्षांत म्या एकदा बी उठवला न्हाई. आमदाराचा ड्रायव्हर सतरा पुरणपोळ्या खाऊन बसला हुता, तरी न्हाई." मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यो म्हातारा उठला की काय हुनार?"

"तोफा सुरू होणार."

"आन् बसला तर?"

"नाही होणार."

"मग मला कशाला इचारतीस? भात हाय का शिल्लक?"

*

संचालक ब्रुनो हाल्टर यांचा फोन शुक्रवारी सकाळी आला. ते दूरच्या एका तलावाकाठच्या शहरात बसायचे आणि त्यांचा आवाज नेहमी नुकताच पोहून आल्यासारखा ताजा असायचा. या वेळी नव्हता.

"हेमांगी, आपण तटस्थ संस्था आहोत. दोन्ही बाजूंनी आरोप केलाय की आपण त्यांना निःशस्त्र केलं. दोघांचं पत्रकही शब्दशः सारखं आहे."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालंय, सर."

"थट्टा नको. परवानगी काढून घेतली तर स्वयंपाकघर बंद होईल. सहा हजार माणसं रोज तुझ्याकडे जेवतात. उद्या ती कुठे जातील?"

हे मात्र खरं होतं, आणि त्याला हेमांगीकडे विनोद नव्हता. ती बेटावर उभी होती. कालपासून तोफा नव्हत्या, म्हणून दोन्ही काठांवरच्या बायका धुणं घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. एक कोळी जाळं टाकत होता. ते त्याने इतकी वर्षं छपरावर भोपळे ठेवायला वापरलं होतं. पण स्वयंपाकघर बंद झालं तर याच बायका चार दिवसांनी उपाशी असणार होत्या. एका म्हाताऱ्याच्या ताटावर सहा हजार ताटं पणाला लावायची का, हा प्रश्न होता, आणि तो सोडवायला तिच्या हातात फक्त पळी होती.

"आपण जेवण वाढतो," हाल्टर म्हणाले. "शांतता आपल्या कामात येत नाही."

"वाढता वाढता झाली तर काय करू, सर? परत नेऊ?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"रविवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर संस्थेचा कोणताही कर्मचारी त्या माणसाला वाढणार नाही. हा लेखी आदेश समज."

*

शनिवारी ओल्मार आणि जेसा पुन्हा आले, म्हाताऱ्याची समजूत काढायला. तारो तीन दिवस तिथेच होता. बसल्या जागी झोपायचा, ताट मांडीवर धरून. आवश्यक कामासाठी तो आडोशाला जायचा तेव्हा ताटाभोवती पाण्याची रेघ काढून जायचा. ही युक्ती हेमांगीनेच त्याला शिकवली होती. चित्रफितींमधल्या कुणा काकांना मधुमेह होता, आणि यंत्राला ते चालायचं.

"तुम्हाला हवंय तरी काय?" ओल्मारने उभ्या-उभ्या विचारलं.

तारो जेवत राहिला.

"मी तुमच्याशी बोलतोय."

"उभ्या माणसाशी मी जेवताना बोलत नाही."

ओल्मारने इस्त्रीकडे पाहिलं, मग वाळूकडे, आणि बसला. तो खाली बसला आणि आपण उभं राहिलो तर फोटोत बरं दिसेल की वाईट, याचा जेसाने क्षणभर विचार केला आणि तीही समोरच्या पट्टीवर बसली.

बसलेल्या माणसापुढे जागा रिकामी ठेवायची नाही, ही रेठरेकरांच्या घरातली सवय. हेमांगीने दोघांपुढे ताटं मांडली. मीठ वाढलं, भात वाढला, वर आमटी. हे सवयीने झालं की मुद्दाम, हे तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही.

"माझी बोट उत्तर काठाला गाळात आहे," तारो म्हणाला. "डिझेल दक्षिण काठाला आहे. बोट सोडा, डिझेल द्या. मला एकदा माणसं घेऊन पार जायचंय. बोट इथे लागली की उठतो."

"एवढंच?" ओल्मार म्हणाला आणि विचार करता करता त्याने भात कालवला. सकाळपासून तो उपाशी होता. "बोट त्यांच्या बेकायदा ताब्यात आहे."

"डिझेल चोरांच्या ताब्यात आहे," जेसा म्हणाली. तिचाही घास तोंडात होता. "यात लिंबू हवं होतं."

"आहे," हेमांगी म्हणाली आणि फोड ठेवली. "थोडा भात?"

"नको."

"एवढासा."

"अहो, नको म्हटलं ना—" तोवर भात पडला होता.

खांबाजवळ उभा असलेला ओल्मारचा अधिकारी धावत आला आणि कानात काहीतरी बोलला. ओल्मारचा हात तोंडाशी थांबला. लाल दिव्याशेजारच्या पडद्यावर, पंगतीत बसलेल्यांच्या संख्येत, आता एकाच्या जागी तीन दिसत होते.

"बाई," तो हळू म्हणाला, "तुम्ही मला मोजलंत."

"मी वाढलं, साहेब. मोजलं यंत्राने."

बोटीचं मात्र ठरलं. कागद झाला नाही, सही झाली नाही. दोघांनी एकमेकांकडे न बघता आपापल्या काठाला फोन केले. ओल्मारने ते 'नदीतील अडथळा हटवणे' म्हणून कळवलं, जेसाने 'राष्ट्रीय जलवाहतुकीचा शुभारंभ' म्हणून. संध्याकाळी डिझेलचे डबे पार गेले. ते नेणारा सैनिक आणि ते घेणारा सैनिक पूर्वी एकाच कारखान्यात कामाला होते असं निघालं, आणि इंजिन दुरुस्त करायला दोघे थांबले.

*

रविवारी सकाळी बोट बेटाला लागली. तिच्यावर दोन्ही काठांची माणसं होती, दोन शेळ्या होत्या आणि एक शिवणयंत्र होतं. तारोने ताटातलं शेवटचं शीत उचललं. हेमांगी पळी घेऊन शेजारीच उभी होती. वाढ, असं सगळं बेट तिच्याकडे बघून म्हणत होतं. तिने पळी पुढे केली. तारोने ताटावर हात आडवा धरला.

"पुरे, मुली. मी शब्द दिला होता."

तो उठला. गुडघे वाजले ते माइकने टिपलं. त्याने हात धुतला, एक मोठा ढेकर दिला, बोटीवर चढला आणि भोंगा वाजवला.

दिवा लालच राहिला.

मग सगळ्यांचं लक्ष उरलेल्या दोघांकडे गेलं. ओल्मार आणि जेसा रात्रभर समोरासमोर बसून होते. आधी कोण उठणार यावर दोन्ही राजधान्यांनी आपापल्या माणसाला एकच सूचना दिली होती: जो बैठकीतून आधी उठतो, त्याने बोलणी मोडली असं जग म्हणतं, तेव्हा तुम्ही उठू नका. बोलणी चालू आहेत हे त्या दोघांना सूचना वाचून कळलं.

"तुम्ही आधी," जेसा म्हणाली.

"बायकांचा मान पहिला."

"कमांडरचा म्हणा, मग उठते."

दोघांची ताटं जवळजवळ रिकामी होती.

बाराला पाच मिनिटं कमी असताना हाल्टर यांचा संदेश आला: आदेश आठवतो ना? हेमांगीने तो दोनदा वाचला. आदेश एका म्हाताऱ्याबद्दल होता आणि म्हातारा उठून गेला होता. पण त्या पळवाटेतून आपल्याला जायचं नाही, हे तिला वाचतानाच कळलं. तिने सहा हजार माणसांच्या संध्याकाळच्या तांदळाचं माप मोजून स्वयंपाक्यांच्या हवाली केलं, चुली पेटत्या ठेवायला सांगितल्या. मग अंगातलं 'अन्नसेतू'चं निळं जाकीट काढलं, घडी घालून खांबाच्या खुंटीला अडकवलं आणि साध्या कुडत्यावर पळी घेऊन पंगतीत आली.

"आता तुम्ही कोणाच्या वतीने वाढताय?" ओल्मारने विचारलं.

"मामाच्या," ती म्हणाली. "ताकभात?"

हाती आलेली शेवटची माहिती अशी. हेमांगी रेठरेकर यांचा राजीनामा संस्थेने स्वीकारलेला नाही आणि नाकारलेलाही नाही. स्वयंपाकघराच्या परवानगीवर दोन्ही सरकारांचा निर्णय व्हायचा आहे. फेरीबोटीच्या आज तीन खेपा झाल्या. दुपारी सव्वाचार वाजता ब्रिगेडियर ओल्मार यांनी मीठ मागितलं. कमांडर जेसा यांनी त्यांच्याकडे पाहून ते सरकवलं. "धन्यवाद, क—" असं काहीतरी ते म्हणाले, पण त्याच वेळी बोटीचा भोंगा वाजल्याने पुढचा शब्द माइकला नीट मिळालेला नाही.

दिवा लाल आहे.